उगवतीच्या हाताखाली

जळगावात माझं सायकलींचं दुकान आहे. दुकानापुढच्या बाकावर बसून मी आजवर लोकांना काशी, रामेश्वर, काबूल, एवढंच काय, आफ्रिकेपर्यंत फिरवून आणलंय. स्वतः मात्र भुसावळच्या पुढं फारसा गेलेलो नाही. त्यामुळं झालंय असं, की यंदा माघात मी खरोखरीचा प्रवास करून आलो, तर बाकावरची मंडळी निम्मं ऐकतात, हसतात आणि "मग सिंह कुठं भेटला?" म्हणून विचारतात. म्हणून हे लिहून काढतोय. छापलेलं लोक खरं मानतात. यात कुठं वाढवून सांगितल्यासारखं वाटलं, तर तिथं मी मुद्दाम कमी करून सांगितलंय असं समजावं.

या प्रवासाचं मूळ म्हणजे आमच्या शेजारच्या रूथमावशी. ख्रिस्ती कुटुंब, मुलगा शमुवेल एका दवाखान्यात कंपाउंडर. मावशींना वय विचारलं तर "प्लेगच्या आधीची" एवढंच उत्तर मिळतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोर माणूस उभा आहे की म्हैस, एवढंच काय ते कळायचं. मला पाहून त्या पुष्कळदा "हॅट, हॅट" म्हणायच्या. त्यात डोळ्यांचा दोष किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिरजेला डोळ्यांचे नामी डॉक्टर आहेत, तिथं शस्त्रक्रिया करून घ्यायची असं शमुवेलनं ठरवलं. मावशींनी अट घातली.

"डोळ्यात चाकू घालणार ते. बरं झालं तर देवाची कृपा. नाही झालं तर? आत्ता धुरकट का होईना, दिसतंय. तेवढ्यात मला माझ्या बापाचा क्रूस बघायचाय. आधी क्रूस, मग चाकू."

या क्रूसाची गोष्ट आमच्या अख्ख्या आळीला पाठ होती. मावशींचे वडील पाथरवट. दुष्काळात वाऱ्यावर पडलेली माणसं गोळा करून एका गोऱ्या पाद्रीसाहेबानं सातारा जिल्ह्यात, लोणंदच्या अलीकडं, पाथरवाडी गावाबाहेर वसवली होती. त्या वस्तीच्या दफनभूमीत मधोमध वडिलांनी एकसंध काळ्या दगडाचा क्रूस घडवून उभा केला, पुरुषापेक्षा उंच. प्लेगात मावशींची आई गेली, तिला त्या क्रूसाच्या उगवतीकडच्या हाताखाली मूठमाती दिली. पुढं वडील गेले, पाद्री गेला, वस्ती उठली, आणि परकरातली मावशी आमच्या खानदेशात बोर्डिंगात आली ती आलीच. आईच्या मातीवर ना नाव, ना दगड. खूण एकच. क्रूस सापडला तर आई सापडली.

शमुवेलनं मला बरोबर घेतलं ते सामान उचलायला, असं तो म्हणतो. खरं कारण असं, की माझ्या आवाजानं कुठल्याही डब्यात जागा होते.

लोणंद

पुण्याच्या पुढं रुळ लहान होतात आणि गाडीही लहान होते. ती इतक्या सबुरीनं चालते की एका ठिकाणी एका रेड्यानं आम्हाला मागं टाकलं आणि पुढं गेल्यावर वळून बघितलं. डोंगर मात्र बघण्यासारखे. आमच्याकडचे डोंगर दूर क्षितिजावर बसलेले असतात, पाहुण्यांसारखे. इथले थेट खिडकीत येऊन विचारपूस करतात.

लोणंदला उतरलो आणि एक चमत्कार झाला. जळगावात इतकी वर्षं शुद्ध, पुस्तकी बोलणाऱ्या मावशींनी फलाटावर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "आलं रं माझं लोणंद! लय वारं सुटलंय न्हवं?"

शमुवेल आईकडं बघतच राहिला. "आई, तू हे काय बोलतेस?"

"बोलतीया ते बोलतीया. तुला कळत न्हाई तर गप ऱ्हा."

लोणंद म्हणजे कांदा. बाजारात कांद्याचे ढीग असे, की त्यांच्या सावलीत गाड्या सोडलेल्या. हवेत असा उग्र दरवळ, की तिथं आयुष्यभर हसणाऱ्या माणसाचेही डोळे भरलेले. मावशी पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "डोळ्यातनं पानी काढायला मिरजेला कशाला जायाचं? हितंच बसू."

पाथरवाडीला जाणारी गाडी मिळाली ती कांदा टाकून रिकामी परत निघालेली. गाडीवान म्हणजे बैलांपेक्षा थोराड गडी. मानेच्या जागी नुसती गर्दन, कान मुरगाळून पापडासारखे झालेले. तो चाकाशेजारी उभा राहिला की चाक लहान पोराचं खेळणं वाटायचं. नाव सदू, धंदा शेती, ध्यास कुस्तीचा.

"कुठलं म्हनायचं तुमी?" त्यानं विचारलं.

"जळगाव."

"केळीवालं व्हय! आनली न्हाई का एक-दोन फणी?"

माझ्याजवळ घरची दोन डझन होती. वाटेतच संपली. मी दोन खाल्ली, एक शमुवेलनं, एक मावशींनी. बाकीची कुठं गेली ते बैलांना विचारावं. कासरा धरलेल्या सदूच्या तळहातांकडं माझं लक्ष गेलं. मेंदी लावावी तसे लालभडक. "रंगकाम करतोस काय रे?" म्हटलं. तर एवढा धिप्पाड गडी लाजला आणि म्हणाला, "म्हसोबाचं हाय ते."

पाथरवाडी

गावात उतरायची सोय तालमीत. तालमीचे प्रमुख इमाम वस्ताद. पांढरी दाढी, पण छाती अशी की दाढी त्यावर पाटावर ठेवल्यासारखी वाटायची. आम्ही कोण, कशाला आलो, काही न विचारता आधी जेवायला बसवलं. उडदाचं घुटं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा. आता आम्ही खानदेशी माणसं. कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत खाऊन वाढलेलो. तिखटाला भिणं आमच्या रक्तात नाही. मी त्या ऐटीत खर्ड्याचा मोठा गोळा उचलला. त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. शमुवेल सांगतो, की मी उठून बैलांच्या दगडी डोणीत तोंड घातलं आणि बैलांनी शहाण्यासारखी जागा करून दिली.

"पावनं, सावकाश," वस्ताद म्हणाले. "त्यो खर्डा हाय, कुस्ती न्हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दफनभूमी शोधायला निघालो. ती सापडायला काहीच त्रास पडला नाही. तालमीच्या मागं माळ, माळावर म्हसोबाचं ठाणं, आणि ठाण्याच्या पलीकडं निवडुंगाचं दाट कुंपण. कुंपणापलीकडं खचलेले उंचवटे, कडेनं लावलेल्या दगडांच्या रांगा, मधून तरवड माजलेला. "ती किरिस्तावांची जुनी माती," एका बाईनं हात दाखवून सांगितलं. पण क्रूस? क्रूस म्हणाल तर कुठं नाही.

मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक दगड चाचपू लागल्या. शमुवेल एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. दुपारपर्यंत माझ्या अंगात निवडुंगाचे एवढे काटे गेले, की मला कुणी मिठी मारली असती तर तो जागीच अडकला असता. शेवटी दमून मी कुंपणाबाहेर आलो आणि म्हसोबाच्या सावलीत त्याला पाठ टेकून घाम पुसत उभा राहिलो.

"अवं! अवं! देव हाय का भिंत हाय ती?"

धावत आले ते धोंडीबा गुरव, म्हसोबाचे पुजारी. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की माळावरची पाखरं उठली. मी चटकन बाजूला झालो, हात जोडले. पण माझा पांढरा सदरा मागून शेंदरानं रंगला तो रंगलाच.

मग मी देव नीट पाहिला. असा म्हसोबा मी कुठं पाहिलेला नाही. आमच्याकडचा म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला गोटा. हा पुरुषापेक्षा उंच, आणि पिढ्यान् पिढ्या तेलाशेंदराचे थर चढून असा फुगलेला की मान नाहीच, डोक्याखाली एकदम दोन्ही बाजूंना भरदार खांदे, डोक्यावर चांदीचे मोठे डोळे चिकटवलेले. थेट लंगोट कसून उभा राहिलेला मल्ल. गावात नावही तेच, पैलवान म्हसोबा.

"जागृत हाय," धोंडीबा माझ्या सदऱ्याकडं बघत म्हणाले. "तुमी टेकला, ते त्येला कळलंय."

धोंडीबांना विचारलं, "इथं हात पसरलेला असा दगड होता, तो कुठं गेला?" मी दोन्ही हात पसरून दाखवले.

"असला दगड न्हाई हितं. मी पुजारी, माझा बा पुजारी. असता तर दिसला असता न्हवं?"

मग आम्ही गाव पालथा घातला. माणसं गावाकडचा चांगला घडीव दगड उचलून पायरीला लावतात, हे शमुवेलला ठाऊक होतं. म्हणून विहिरीच्या पायऱ्या, चावडीचा उंबरा, धुणं धुवायचे दगड, सगळं आम्ही वाकून वाकून पाहिलं. याचा परिणाम असा झाला, की तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं, परगावची माणसं गुप्तधन हुडकायला आलीत. आम्ही ज्या ज्या दगडाकडं वाकून बघितलं, तो तो दगड आमची पाठ वळताच उपटला गेला. चावडीपुढं गेलो तर माणसं रांगेनं कुदळी घेऊन माझ्याच तोंडाकडं बघत उभी. मी सहज आभाळाकडं बघितलं, तर दोघंजण शिडी आणायला पळाले.

हसायला ठीक आहे. पण संध्याकाळी तालमीच्या ओसरीवर मावशी गुडघ्यांत मान घालून बसल्या तेव्हा कुणाला हसू आलं नाही. हातांच्या बोटांना खरचटलेलं, लुगड्याला कुसळं.

"दगुड गेला म्हंजी आई गेली," त्या म्हणाल्या. "मला त्या उंचवट्यांतली आपली कुठली, कसं कळायचं? शमुवेल, उद्या परत जळगावला. मिरज नको."

"आई, डोळ्यांचं..."

"ज्याच्यासाठी डोळे लावून बसले, तेच ऱ्हायलं न्हाई. आता डोळे बरं करून बघायचंय काय? तुझ्या मित्राचं तोंड?"

मी म्हटलं, "मावशी, तेही वाईट नाही."

त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

म्हसोबाचा माळ

सकाळी परत लोणंदला सोडायला सदूचीच गाडी. पण सदूला त्याच दिवशी कुस्तीला निघायचं होतं, खाली सांगली जिल्ह्यात, कवठे महांकाळकडच्या जत्रेत. दोन वर्षं तिथल्या एका मल्लापुढं त्याची पाठ लागत होती. तिसऱ्यांदा चालला होता. तालमीतला गडी परगावी कुस्तीला निघाला की आधी सगळी तालीम म्हसोबाला जाते, असा इथला रिवाज. आमच्या खानदेशात पैलवान मारुतीला नारळ फोडतो आणि निघतो. इथंही मारुती आहे, पण त्याला रजा दिल्यासारखी दिसली.

गाडी माळावर थांबवली. मावशी ट्रंकेवर, म्हसोबाकडं पाठ करून बसलेल्या. हलगी वाजू लागली.

"काय चाललंय?" मावशींनी विचारलं.

मी म्हटलं, "मावशी, काय सांगू! तो सदू देवाला लोंबकळतोय."

"लोंबकळतोय?"

"खांद्याला धरून. आमच्याकडं देवाला शिवायचं तरी आंघोळ करून. इथं त्याला आंब्याच्या फांदीसारखा..."

"कुठल्या खांद्याला?"

"ह्या. उगवतीच्या."

मावशी ट्रंकेवरून उठल्या. "पाय वर घेतलं का त्यानं?"

"घेतले की."

"आता एकडाव मागं झुलंल. एकडाव म्होरं. मग हात सोडून धपकन उडी, आन् मागं वळून न बघता पळत सुटंल."

सदू मागं झुलला. पुढं झुलला. हात सोडून त्यानं धपकन उडी मारली आणि मागं वळून न बघता थेट बैलगाडीपर्यंत पळत आला. समोर मावशी उभ्या.

हलगी थांबली. इमाम वस्ताद पुढं आले. "आजी, तुमी तर जळगावच्या. आन् आमच्या तालमीची ही रीत तुमास्नी कशी ठावं?"

"तुमच्या तालमीची?" मावशी म्हणाल्या, आणि एकदम त्यांच्या तोंडावर परकरातली पोर दिसली. "आरं, ह्यो खेळ माझा हाय! बाप क्रूस घडवून गेला आन् मी त्येच्या हाताला लोंबकाळायची. मागं-म्होरं झुलायचं आन् उडी मारून पळायचं. मागं वळून बघितलं की पाद्रीसायेब काठी घेऊन मागं असायचा! तुमच्या गावची पोरं कुंपनाबाहेर उभी राहून दात काढायची. सायेब गेला की तीबी आत येऊन लोंबकाळायची. पळायचं कशासाठी, म्हाईत हाय का तुमाला?"

वस्तादांनी दाढीवरून हात फिरवला. "माझा वस्ताद म्हनायचा, पळताना मागं बघू नये, देव रागावतो. त्येच्या वस्तादानं त्येला तसं सांगितलं हुतं. त्यो म्हातारा ह्याच माळावर वाढलेला." मग सावकाश म्हणाले, "म्हंजी रागवायचा त्यो देव न्हाई. त्यो काठीवाला सायेब."

सगळा माळ खदखदा हसला. पण हसू विरतं न विरतं तोच शमुवेल पुढं गेला आणि त्यानं खिशातनं फळं कापायचा चाकू काढला. सरळमार्गी माणूस, त्याला पुरावा हवा होता. "एवढासा शेंदूर खरवडून बघतो, आत क्रूस असला की..."

वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्यापुढं चार पैलवानांची भिंत उभी राहिली. धोंडीबा गुरव त्या भिंतीपुढं, दोन्ही हात पसरून. क्रूस कसा दिसतो ते त्या क्षणी मला अगदी स्पष्ट दिसलं.

"देवाला चाकू लावायचा न्हाई!" धोंडीबा ओरडले. "माझा बा सांगायचा. गुरांची साथ आली, दावणीच्या दावणी मोकळ्या झाल्या. तवा ह्या दगडाला माझ्या आज्यानं पयला शेंदूर लावला, आन् साथ थांबली. मानसं गेल्याली, धनी न्हाई, ऊन-पावसात एकला उभा हुता. आमी निवडुंग मागं सारला, त्येला घर दिलं. आता तुमी न्यायला आला व्हय त्येला?"

कुणी हललं नाही. शमुवेलच्या हातात चाकू तसाच. सदूच्या कपाळाची शीर टरारलेली.

"शमुवेल," मावशी म्हणाल्या, "चाकू खिशात ठेव. केळी संपली."

त्यांनी हात पुढं केला, धोंडीबांनाच. "चल बाबा, तूच दाखव."

धोंडीबा गोंधळले, पण म्हातारीचा हात टाकता येईना. त्यांनी तिला उगवतीच्या बाजूला नेलं आणि तिचा हात खांद्याच्या टोकाशी लावला. तिथं, पैलवानांच्या पकडीनं पिढ्यान् पिढ्या घासून शेंदराचा थर साचलेलाच नव्हता, सकाळी लावलेला ओला तेवढा बोटांना लागायचा. आत गुळगुळीत काळा दगड, आणि खालच्या अंगाला, जिथं बोटं पोचत नाहीत, टाकीचे बारीक तिरके घाव. मावशींनी त्या घावांवरून बोट फिरवलं.

"बाप डावरा हुता," त्या म्हणाल्या. "त्येचे घाव सगळे उलटे पडायचे."

एक पैलवान वाकून बघायला लागला. मग दुसरा. घाव उलटे होते.

"आन् ही खाली माती कसली? मऊ लागतीया," मावशींनी पायानं चाचपत विचारलं.

वस्ताद पुढं झाले. "लाल माती हाय, आजी. गडी उडी मारतो, पाय मुरगाळू नये म्हनून. दर साली कुस्तीच्या हौदातली जुनी काढून हितं टाकतो. साधी माती न्हवं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली. लोण्यावानी."

मावशी खाली बसल्या. तिथं, उगवतीच्या हाताखाली, त्या लाल मातीत त्यांनी दोन्ही तळवे टेकले.

"समदं आयुष्य वाटलं," त्या हळू म्हणाल्या, "आईच्या मातीवर मूठभर माती टाकायला कुनी न्हाई. आन् हितं तिला ताक-तेल घालत हुता तुमी. हळद लावत हुता."

वस्तादांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. त्यांच्यामागं सगळ्या तालमीनं. धोंडीबा नाक ओढत म्हणाले, "आजी, मग... देव न्यायचा न्हाई न्हवं?"

"कुठं नेऊ? उभा करताना आठ बैलं जुंपली हुती. आन् एवढं जाड पांघरून घातलंत त्येच्या अंगावर, ते मी काढू? ऊन-पावसात एकला हुता म्हनलास न्हवं? ज्यानं घर दिलं, त्येच्यापाशीच ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी लुगड्याचा काष्टा खोचला. "सदू, उचल मला."

"आजी?"

"उचल म्हनते न्हवं. ह्यो खेळ माझा हाय."

सदूनं त्यांना पोरीसारखं उचललं. मावशींनी दोन्ही हातांनी त्या काळ्या दगडाला धरलं, पाय वर घेतले, आणि सदूचे हात खाली असूनही, शपथेवर सांगतो, त्या लोंबकळल्या. एकदा मागं. एकदा पुढं. हलगीवाल्यानं असा कडकडाट केला की लोणंदच्या बाजारातले कांदे ढिगावरून घरंगळले असतील. उतरवल्यावर त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांजवळ नेले. शेंदराचा लालभडक रंग. तेवढा त्यांना दिसला.

"शमुवेल," त्या म्हणाल्या, "मिरजेची गाडी कवा हाय?"

मिरज आणि कवठे महांकाळ

मिरजेला नर्सबाईंनी मावशींचे हात साबणानं तीनतीनदा धुतले, तरी लाल ते लालच. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही आणि मुख्य म्हणजे हसायचं नाही. हा शेवटचा नियम कळल्यावर मला वॉर्डातून बाहेर काढण्यात आलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बोलत नसलात तरी चालणार नाही, तुमचं नुसतं तोंड बघून शेजारचे पेशंट हसतात.

म्हणून मी सांगली पाहिली. जमिनीतल्या हळदीच्या पेवांचा वास घेतला, भडंग खाल्लं. आमच्याकडं चिवडा खातात तो पाहुणा आल्यावर. इथं भडंग खातात ते पाहुणा जाईपर्यंत. आणि एक दिवस एस.टी. धरून कवठे महांकाळकडच्या जत्रेला गेलो.

हा मुलूख कोरडा. आभाळ मोठं आणि झाड लहान. पण माणसं अशी, की विहिरीच्या तळातलं शेवटचं पाणी काढून आधी पाहुण्याच्या तांब्यात ओततात. बोलता बोलता मधेच कानडी शब्द टाकतात आणि आपल्याला कळलं असं गृहीत धरून हसतात. मीही हसलो. काय कबूल केलं देव जाणे.

सदूची कुस्ती मी डोळ्यांनी पाहिली. समोरचा मल्ल एवढा मोठा, की तो मैदानात उतरला तेव्हा निम्म्या प्रेक्षकांवर सावली पडली. सदूनं सलामीला हात वर केले. लाल तळवे. आणि मग तो गडी हसला. का हसला, ते मला ठाऊक होतं. त्याला काठीवाला साहेब आठवला होता. दोन वर्षं त्या मल्लापुढं तो भीत भीत उभा राहायचा, हे वस्तादांनीच मला सांगितलं होतं. हसणाऱ्या माणसाला कसं धरायचं, हे बहुधा त्या थोराड मल्लाला कुणी शिकवलं नव्हतं. मी पानाला चुना लावत होतो. वर बघितलं तर सदू उभा आणि समोरच्याची पाठ मातीला. लोकांनी फेटे उडवले. माझ्या डोक्यावर आलेला एक फेटा अजून माझ्याकडं आहे, मालकानं येऊन न्यावा.

पुन्हा पाथरवाडी

परतीच्या वाटेवर मावशींनी लोणंदला उतरायचा हुकूम सोडला. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. मला त्या चष्म्यातून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी मान दोन्हीकडून कलती करून बघितलं, आणि मग "हॅट" म्हणाल्या. तर ते एक कळलं.

माळावर सगळी तालीम जमलेली. सदूच्या गळ्यात अजून हार. मावशी म्हसोबापुढं उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत त्यांनी त्याला पाहिलं. चांदीचे डोळे, न दिसणारी मान, पसरलेले खांदे, तो लालभडक प्रचंड देह. धोंडीबा पुढं वाकून त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"बापानं केला तवा लय वाळका हुता," त्या म्हणाल्या. "चांगलं खायला घातलंत."

धोंडीबा इतके फुलले की त्यांचं काटकुळेपण काही वेळ दिसेना. त्यांनी मावशींचा हात धरून पलीकडच्या अंगाला नेलं. तिथली जागा झाडून, शेणानं सारवून ठेवलेली.

"आजी, पंचांनी मिळून ठरवलंय. उगवतीच्या हाताखाली तुमची आई हाय. ही मावळतीच्या हाताखालची जागा तुमची. कुनाला देनार न्हाई. वस्ताद म्हनत्यात, मातीबी तीच घालायची, ताक-तेलाची."

शमुवेलनं चष्मा नसतानाही चष्मा पुसल्यासारखं केलं. मावशींनी मात्र त्या जागेवर दोन्ही बाजूंनी चालून बघितलं, आपली उंची आणि जागेची लांबी मनात जुळवली.

"पुरंल," त्या म्हणाल्या. "पन आत्ताच डोळे आलेत. बघायचं लय ऱ्हायलंय. तवर जागा रिकामी कशाला ठेवायची? झेंडू लावा."

हे मी लिहितोय तेव्हा दसरा नुकताच होऊन गेलाय. सणाच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानी रेल्वेनं लोणंदहून एक करंडी आली. कांद्याचा वास मारणारी, पण आत ठासून झेंडू. निम्मी फुलं मावशींनी त्यांच्या चर्चमध्ये नेली. निम्म्याचं तोरण त्यांनी स्वतः सुई-दोरा घेऊन ओवलं, सुईत दोरा पहिल्या झटक्यात घालून, आणि माझ्या दुकानाला बांधलं. बाकावरच्या मंडळींना मी सांगतोय, ही फुलं कुठल्या जागेवरची आहेत.

ते हसतात आणि सिंहाचं विचारतात. मावशी शेजारच्या दारातून ओरडतात, "खरं हाय रं त्येचं! एवढं एक खरं हाय!"

तोरण अजून काढलेलं नाही.